जिथं सूर्य मावळत नाही

अनेकांत चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, तेव्हा सीताबाईंनी बाहुबलीच्या डोंगरावर महाराजांसमोर श्रीफळ ठेवून नियम घेतला होता. पोरगं बोलू दे, सूर्य मावळल्यावर मी अन्नाचा कण तोंडात घालणार नाही. जन्मभर. "बाई, आधी वर्षभराचा घ्या, झेपलं तर वाढवा," असं महाराजांनी सुचवलंही होतं. पण नवसात घासाघीस करणं सीताबाईंना पटेना. (मंडईत कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी त्या दहा मिनिटं भांडत. देवाशी नाही.)

आणि अनेकांत बोलला. एका रात्री सगळे जेवायला बसले असताना त्यानं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून आईपुढं धरला आणि म्हणाला, "आई, जेव." पहिलंच वाक्य, आणि तेही मुद्द्याचं! घरात दिवाळी झाली. सीताबाई रडल्या, हसल्या, आणि मग त्यांना तोंड बाजूला फिरवावं लागलं, कारण रात्रीचे नऊ वाजले होते.

तेव्हापासून संध्याकाळचं जेवण त्या एकट्या जेवत आल्या. सासूबाई होत्या तोवर दोघी ओट्याजवळ पाट मांडून बसायच्या. सासूबाई गेल्या आणि एक पाट भिंतीला उभा राहिला. यजमान वर्धमानराव जन्मानं जैन आणि स्वभावानं दुकानदार. कोल्हापुरात शाहूपुरीत त्यांचं पंप आणि पाइपचं दुकान होतं. चातुर्मासात तेही सूर्यास्तापूर्वी जेवायचं ठरवत, पण नेमकं पाचच्या सुमाराला गिऱ्हाईक येई आणि धर्म पुढच्या चातुर्मासावर जाई. नऊला घरी आले की टीव्हीसमोर ताट घेत. सीताबाई वाढत. वाढणाऱ्या माणसानं खाल्लंय की नाही, हे वाढून घेणारा कधी विचारत नाही.

आणि ज्याच्या बोलण्यासाठी एवढं केलं तो अनेकांत आता नॉर्वेत बोलत होता. पार वरच्या टोकाला, ट्रोम्सो नावाच्या गावात. त्याची नोकरी कॉम्प्युटरवरची होती. कंपनी माशांची नाही, हे सीताबाईंनी तीनतीनदा विचारून घेतलं होतं. रविवारी फोन करायचा. "बरी आहेस? अण्णा बरे आहेत? चल, ठेवतो." एवढ्यासाठी मी जन्मभराचा नियम घेतला होता होय, असं सीताबाईंच्या मनात येई. मग त्या मनातल्या मनात कान पकडत.

तर झालं असं, की जूनमध्ये एकदा सीताबाई सकाळी उठून पाणी गाळत होत्या आणि अनेकांतचा फोन आला.

"आई, झोप येत नाहीये. बघ, काय ऊन पडलंय!"

फोनमध्ये खिडकी दिसली, खिडकीत डोंगर, आणि डोंगरावर लख्ख सूर्य.

"एवढ्या सकाळी उठलास?"

"सकाळ कुठली! रात्रीचे दोन वाजलेत. इथं सूर्य मावळतच नाही."

सीताबाईंच्या हातातलं गाळायचं फडकं हंड्यात पडलं. सूर्य मावळतच नाही. म्हणजे तिथं नऊला जेवा, दहाला जेवा, पोरगं ऑफिसातून येईल तेव्हा त्याच्या शेजारी बसून जेवा. नियमाला धक्का नाही आणि पोराकडं पाठही नाही. देवानं असलं गाव खास त्यांच्यासाठी करून ठेवलं होतं, फक्त ते जरा लांब केलं होतं.

"मी येऊ का रे तिकडं?" त्यांनी विचारलं.

अनेकांत खुर्चीवरून पडायचा राहिला. आई आजवर इचलकरंजीच्या पुढं एकटी गेली नव्हती.

का यायचंय ते सीताबाईंनी कुणाला सांगितलं नाही. नुसतं पोराबरोबर बसून जेवायला विमानानं जायचं, हे सांगायला त्यांना लाज वाटली. वर्धमानरावांनी आपल्या परीनं अर्थ लावला.

"तिकडं आकाशात हिरवे दिवे दिसतात, ते बघायचे असतील तुला."

"हां, तेच," सीताबाई म्हणाल्या. (खोटं बोलल्याचं प्रायश्चित्त म्हणून त्या दुसऱ्या दिवशी एकदाच जेवल्या.)

वर्धमानरावांनी मग मनावर घेतलं. उन्हाळ्यात पंपांचा सीझन, पावसाळ्यात पाइपचा. शिवाय हिरवे दिवे थंडीतच चांगले दिसतात, असं त्यांनी यूट्यूबवर बघितलं. अनेकांतला नाताळात सुट्टी होती, पण तेव्हाची तिकिटं महाग, आदल्या आठवड्याची स्वस्त. झालं, डिसेंबरची तिकिटं निघाली. सीताबाईंना महिन्याशी काही देणंघेणं नव्हतं. जिथं सूर्य मावळत नाही तिथं जून काय आणि डिसेंबर काय!

तयारी सुरू झाली आणि घरात दोन वेगवेगळ्या देशांच्या बॅगा भरल्या जाऊ लागल्या. वर्धमानराव स्वेटर, कानटोप्या, हातमोजे आणत होते. सीताबाई मोठी छत्री, गॉगल आणि उन्हाची टोपी भरत होत्या. रात्री उन्हात यजमानांना झोप कशी लागणार, म्हणून त्यांनी इचलकरंजीहून जाड काळं कापड मागवून चार पडदे शिवून घेतले.

"हे काय गं? पडदे?"

"असू द्या. लागतील."

वर्धमानरावांना वाटलं, थंडी अडवायला असतील. बायकोच्या दूरदृष्टीचं त्यांनी दुकानात कौतुकसुद्धा केलं.

शेजारच्या धोंडुबाई रोज बॅगेची पाहणी करायला येत. एक दिवस त्यांना उडदाच्या पिठाचं मोठं पुडकं दिसलं.

"सीतावैनी, पीठ कशाला वो विमानातनं?"

"पापड करणार आहे. लेकाच्या गॅलरीत. चोवीस तास ऊन असतंय तिथं, एका दिवसात वाळतील."

"चोवीस तास?" धोंडुबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मग तुमचं मालक म्हणत्यात ते हिरवं दिवं उन्हात दिसायचं कसं?"

प्रश्न बिनतोड होता. सीताबाईंनी मग तेच केलं जे आपण सगळे बिनतोड प्रश्नाचं करतो.

"चहा घेणार का?" त्या म्हणाल्या.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा पापड कुठं वाळत घालायचे ते नक्की करावं, म्हणून सीताबाईंनी संध्याकाळी साडेचारला स्वतःच फोन लावला. अनेकांत दिसला. पाठीमागच्या काचेत निळाकाळा अंधार होता.

"अगोबाई, झोपला होतास?"

"नाही गं, ऑफिसात आहे. दुपारचे बारा वाजलेत. जेवायला निघालोय."

"मग एवढं आभाळ कशानं भरून आलंय?"

"आभाळ नाही आई. सूर्य नाही."

"कुठं गेला?"

"गेला म्हणजे, थंडीत तो उगवतच नाही इथं. आता जानेवारीत येईल."

सीताबाई पाटावर बसल्या. (पाट तिथं नव्हता, हे बसल्यावर कळलं.)

नऊला वर्धमानराव आले तेव्हा टीव्ही बंद होता, ताट वाढलेलं नव्हतं आणि बायको चार काळ्या पडद्यांच्या घड्यांजवळ बसली होती. काय झालं ते ऐकून वर्धमानराव आधी हसले, मग बायकोचं तोंड बघून त्यांनी हसू गिळलं आणि अनेकांतला फोन लावला. फोन मध्ये ठेवून तिघांची बैठक बसली.

"आठ दिवस नियम बाजूला ठेव," वर्धमानराव म्हणाले. "परदेशात चालतंय."

"नियमाला पासपोर्ट लागत नाही," सीताबाई म्हणाल्या.

"मग सूर्य उगवलाच नाही, तर मावळला कसा म्हणायचा? जेव की बिनधास्त!"

"वकिली दुकानात करा."

"आई, एक करू," अनेकांत म्हणाला. "तू कोल्हापूरचा सूर्य धर. तिथं सूर्य असेतोवर तू इथं जेव. हिशोब सोपा आहे. तिथला सूर्यास्त म्हणजे आमच्याकडचा दुपारचा दीड."

"झालं की मग!" वर्धमानरावांनी मांडीवर थाप मारली. "दीडच्या आत जेवायचं. हाय काय अन् न्हाय काय!"

"दीडला तू कुठं असतोस?" सीताबाईंनी फोनला विचारलं.

"मी? ऑफिसात. सुट्टी नाताळापासून, तुम्ही त्याच्या आधीच्या आठवड्यात येताय. पण तुझं ताट झाकून ठेवून जाईन ना मी."

"म्हणजे मी तिथंही एकटीच जेवायचं." सीताबाईंचा आवाज वाढला नव्हता, पण तिघांनाही तो मोठा ऐकू आला. "मग विमानात बसून कशाला जायचं? एकटी इथं जेवतेच आहे की रोज."



"तू दिवे बघायला येणार होतीस ना?" अनेकांतनं हळूच विचारलं.

"दिवे काय करायचेत मला? तुझ्या शेजारी बसून जेवायचं होतं. तिकडं सूर्य मावळत नाही म्हणालास, म्हणून."

"पण एकटी म्हणजे काय?" वर्धमानराव म्हणाले. "मी असतोच की घरात."

"नऊला."

वर्धमानरावांनी रिमोट उचलला, उलटासुलटा करून बघितला आणि परत ठेवला.  

तिकिटं जूनची करून घेतली. अनेकांतनंच ते जमवलं. सीताबाईंनी पुडकं सोडून उडदाचं पीठ डब्यात ओतलं, छत्री खुंटीला अडकवली, आणि जूनपर्यंत कसं होणार याचा विचार करायचा नाही, असा एक छोटा नियम घेतला. त्या नियमाची गरज दुसऱ्याच दिवशी संपली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता, अजून ऊन असताना, दारात वर्धमानरावांची स्कूटर थांबली. एवढ्या उजेडात सीताबाईंनी ती कित्येक वर्षांत बघितली नव्हती. त्या धावतच बाहेर गेल्या.

"काय झालं? छातीत दुखतंय? घाम आलाय का?"

"भूक लागलीय," वर्धमानराव म्हणाले.

हे साफ खोटं होतं. त्यांच्या मिशीला भडंगाचा चुरमुरा चिकटलेला होता. पण ते आत आले, हातपाय धुतले आणि भिंतीला टेकवलेला पाट घेऊन चुलीशेजारी, म्हणजे गॅसच्या शेजारी, मांडी घालून बसले. गुडघे कडकड वाजले. एवढ्यात फोन वाजला. अनेकांत होता. समोर दोन पावाच्या चकत्या आणि काकडी.

"आई, मी रोज या वेळेलाच जेवतो. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. फोन असा ठेव की मला ताटं दिसतील."

फोन तांब्याला टेकवून ठेवला. आणि सीताबाईंना काय करू नि काय नको असं झालं. त्यांनी गरम भाकरी यजमानांना वाढली, फुगलेली दुसरी फोनला दाखवली. वांग्याची भाजी फोनला दाखवली. "ही बघ, तुझ्या आवडीची, शेंगदाण्याचा कूट घातलेली." वर्धमानरावांनी दुकानातल्या गिऱ्हाइकाची नक्कल केली, अनेकांत हसताना ठसकला, "पाणी पी, पाणी पी," म्हणून सीताबाई फोनपुढं भांडं धरून उभ्या राहिल्या. धोंडुबाईंच्या बिनतोड प्रश्नाची हकिकत सांगितली. पडद्यांचं सांगितलं. अनेकांतनं ऑफिसातला कुणी सांताक्लॉजची टोपी घालून बसतो ते दाखवलं. तो इतकं बोलत होता, इतकं बोलत होता, की चार वर्षं गप्प राहिल्याची सगळी भरपाई आजच करतोय असं वाटावं.

मग सीताबाई पदरानं तोंड पुसत, समाधानानं आपल्या पाटावर बसल्या. ताट पुढं ओढलं. भाकरी मोडली.

वर्धमानराव खिडकीकडं बघत होते.

"अगं," ते म्हणाले.

समोरच्या इमारतीवरच्या टाकीवर मघापर्यंत ऊन होतं. आता टाकी नुसती काळी दिसत होती.

"आत्ताच गेला असेल," वर्धमानराव घाईघाईनं म्हणाले. "मिनिटभर झालं असेल. एक घास खा."

सीताबाईंनी मोडलेली भाकरी ताटात ठेवली आणि ताटावर ताट झाकलं. मग त्यांना हसू आलं. फोनमध्ये अनेकांतलाही आलं. वर्धमानरावांना मात्र आलं नाही, कारण त्यांचं पोट गळ्यापर्यंत भरलं होतं. (तरी नऊला ते सवयीनं उठले आणि स्वयंपाकघरात एका डब्याचं झाकण हळूच वाजलं. सीताबाईंनी झोपल्याचं सोंग केलं.)

सकाळी दारात दूध घ्यायला आलेल्या धोंडुबाईंना सीताबाईंचा चेहरा बघून राहवेना.

"सीतावैनी, तोंड सुकलंय न् डोळं हसत्यात. काय भानगड हाय?"

सीताबाईंनी सगळं सांगितलं. धोंडुबाईंचे यजमान हॉलमध्ये जेवत आणि धोंडुबाई ओट्याशी उभ्या उभ्या, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. ऐकता ऐकता धोंडुबाईंनी दुधाचं भांडं पायरीवर ठेवलं. 

"तुम्ही पण आज मालकांना हाक मारा," सीताबाई म्हणाल्या. "टीव्ही बंद करा, पोरांना फोन लावा, सगळ्यांच्या बरोबर खाली बसा. फक्त माझं एवढं ऐका. पहिला घास आधी आपल्या तोंडात घाला, आणि मग बोलायला सुरुवात करा."