अट क्रमांक चौदा

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी माणसाने काय करू नये, याविषयी कायदा मौन बाळगून आहे. या मौनाचा फायदा घेऊन चष्मेवाल्यांनी लाल रंगाची स्पोर्ट्स कार घेतली. गाडीत दोनच माणसं मावत आणि ताशी दोनशे चाळीसपर्यंत जाण्याची तिची तयारी होती. घर ते चष्म्याचं दुकान हे अंतर मात्र अडीच किलोमीटर, त्यात सात सिग्नल. सहा महिन्यांत गाडी तिसऱ्या गिअरपर्यंत पोचली नव्हती.

"हिला एकदा मोकळं सोडायला हवं," चष्मेवाले जेवताना म्हणत.

"हिला की तुम्हाला?" बायको विचारी. ती शाळेत गणित शिकवत असे. उदाहरण सोपं करून मांडायची तिला सवय होती.

गावाबाहेर शर्यतीचा एक ट्रॅक होता. हौशी वाहनचालक मंडळ तिथे दर तीन महिन्यांनी ट्रॅक डे भरवी. आपली गाडी आणायची, हेल्मेट घालायचं आणि पाळीपाळीने मनसोक्त पळवायची. ही शर्यत नव्हे, असं मंडळाच्या पत्रकात चार ठिकाणी ठळक छापलेलं असे आणि येणारा प्रत्येक जण ती शर्यत आहे असं समजूनच येई. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त उपनिबंधक होते. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. पण कार्यक्रमाच्या परवान्यातल्या एकतीस अटी त्यांना तोंडपाठ होत्या आणि मंडळाच्या मते अध्यक्षाला एवढं येणं पुरेसं होतं.

या अटींमुळे ट्रॅक डे अत्यंत सुरक्षित झाला होता. अट नऊनुसार जागेवर नोंदणीकृत डॉक्टर हवा. मंडळाचे एक सभासद त्वचारोगतज्ज्ञ होते, त्यांचं नाव डॉक्टर म्हणून लिहिलं होतं. ते स्वतःही गाडी पळवत, त्यामुळे ते ट्रॅकवर असताना ट्रॅकबाहेर डॉक्टर नसे. याकडे एकदा कोणीतरी लक्ष वेधलं होतं. त्यावर अध्यक्षांनी "जागेवर" या शब्दात ट्रॅकही येतो, असा खुलासा केला होता. अट बावीसनुसार प्रत्येक चालकाने जवळचा एक नातेवाईक सोबत आणायचा, म्हणजे काही झाल्यास कळवण्यासाठी शोधाशोध करावी लागत नाही. म्हणून त्या रविवारी चष्मेवाल्यांची बायको नातेवाईक कक्ष अशी पाटी लावलेल्या मांडवात वह्या तपासत बसली होती.

आणि अट चौदा अशी होती : "कोणत्याही वाहनाचे इंजिन सुरू असेपर्यंत सुसज्ज रुग्णवाहिका परिसरात उपलब्ध असणे बंधनकारक राहील."

रुग्णवाहिका होती. तिचा ड्रायव्हर सकाळी सातपासून तिच्या पायरीवर बसून होता. अकरा वर्षं तो शहरात रुग्णवाहिका चालवत होता. इथे बसून राहण्याचा त्याला मनातून कंटाळा येत होता, पण बसून राहिल्याबद्दल कोणी ओरडत नाही, हा अनुभव त्याला नवा होता.

चष्मेवाल्यांची पाळी साडेबाराला आली. हेल्मेटमध्ये कान दुमडले गेले होते आणि स्वतःचाच श्वास मोठ्याने ऐकू येत होता. पहिली फेरी त्यांनी अंदाज घेण्यात घालवली. दुसऱ्या फेरीत सरळ रस्ता समोर आला. त्यावर सिग्नल नव्हता, दुचाकी नव्हती, मधूनच रस्ता ओलांडणारं कोणी नव्हतं. त्यांनी पाय दाबला. काटा एकशे अठरावर गेला आणि लहानपणी झोपाळा उंच गेल्यावर ओरडायचे तसे ते हेल्मेटमध्ये ओरडले. वळण दिसताच मात्र त्यांनी इतक्या आधी ब्रेक लावला की वळण येईपर्यंत पुन्हा वेग वाढवावा लागला. मागून गाड्या आल्या. कडेला उभ्या माणसाने निळा झेंडा दाखवला. मागून वेगवान वाहन येत आहे, बाजूला व्हा, असा त्याचा अर्थ. चष्मेवाले बाजूला झाले. मग आणखी तीनदा झाले. त्वचेचे डॉक्टर तर त्यांना हात दाखवून पुढे गेले.

त्यांची सर्वांत चांगली फेरी तीन मिनिटं बारा सेकंदांची भरली. दिवसाच्या यादीत ते शेवटचे होते. पण गाडीतून उतरताना ते हसत होते. मांडवात येऊन ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "अगं, डावा हात जरा जड वाटतोय. छातीतही दुखतंय."

बायकोने वही मिटली. नवऱ्याचा चेहरा घामाने भिजला होता आणि ओठ पांढरे पडले होते. ती उठून अध्यक्षांच्या टेबलापाशी गेली.

"यांच्या छातीत दुखतंय. रुग्णवाहिका हवी."

"आहे ना," अध्यक्ष समाधानाने म्हणाले. "ती काय, समोर. सकाळपासून उभी आहे."

"यांना दवाखान्यात न्यायचंय."

अध्यक्षांचा चेहरा गंभीर झाला. "बाई, रुग्णवाहिका बाहेर गेली तर अट चौदाचा भंग होतो. समजा ती नसताना कोणाला काही झालं तर?"

"यांना झालंय."

"यांना झालंय, मान्य आहे. पण अजून सव्वीस जणांना व्हायचं बाकी आहे."

"मग गाड्या थांबवा."

"लाल झेंडा ट्रॅकवर काही घडलं तरच दाखवता येतो. अट अठरा. हे खुर्चीवर आजारी पडले." अध्यक्षांना मनापासून वाईट वाटत होतं. "दोन मिनिटं आधी पडले असते तर मी स्वतः झेंडा दाखवला असता."

गणिताच्या बाईंनी पर्याय तपासायला सुरुवात केली. नवऱ्याला त्याच्याच गाडीतून न्यावं म्हटलं, तर पाळी संपलेल्या सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या शेवटच्या तपासणीपर्यंत मंडळाच्या पेटीत कुलूपबंद होत्या. डॉक्टरांना बोलवावं, तर ते ट्रॅकवर होते आणि हेल्मेटमुळे त्यांना हाका ऐकू येत नव्हत्या. तिने रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला. तिकडच्या मुलीने पत्ता नीट लिहून घेतला आणि नम्रपणे सांगितलं, "मॅडम, त्या ठिकाणी आमच्या नोंदीप्रमाणे एक रुग्णवाहिका आधीच पोचलेली आहे. एका ठिकाणी दुसरी पाठवता येत नाही."

हे सगळं पायरीवरून ऐकत असलेला ड्रायव्हर उठला आणि त्याने मागचं दार उघडलं.

"ताई, साहेबांना आत घ्या."

"अध्यक्ष म्हणतात, बाहेर जाता येणार नाही."

"बाहेर कुठे जातोय? गेटपर्यंत जातोय. गेट परिसरातच आहे."

अध्यक्षांनी अट मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिली. त्यात रुग्णवाहिका उपलब्ध असावी असं होतं, उभी असावी असं नव्हतं. त्यांना हरकत घ्यायला जागा सापडेना, म्हणून त्यांनी मान हलवली.

मांडव ट्रॅकच्या आतल्या मैदानात होता आणि गेट पलीकडच्या टोकाला. जायचं तर ट्रॅकवरूनच. ड्रायव्हरने चष्मेवाल्यांना ऑक्सिजन लावला, बायकोला पट्ट्याला धरून बसायला सांगितलं आणि गाडी ट्रॅकवर घातली. सायरन वाजू लागला. कडेच्या माणसांनी, मागून वेगवान वाहन येत आहे हे पाहून, नियमानुसार निळे झेंडे दाखवले आणि पुढच्या स्पोर्ट्स कार एकामागून एक बाजूला झाल्या.

गेटवरच्या पहारेकऱ्याने हात पुढे केला. "चिठ्ठी?"

"कसली?"

"बाहेर जाण्याची. अध्यक्षांच्या सहीची."

"पेशंट आहे आत."

"असू दे. पण इथे थांबू नका, ट्रॅकवर थांबायला मनाई आहे. घेऊन या चिठ्ठी."

थांबायला मनाई आणि उलट फिरायलाही मनाई, त्यामुळे रुग्णवाहिकेला पूर्ण फेरी मारावी लागली. मांडवासमोरून जाताना बायकोने खिडकीतून ओरडून चिठ्ठी मागितली. अध्यक्ष म्हणाले, अर्ज आला की लगेच देतो. दुसऱ्या फेरीत तिने तपासायच्या वहीतलं पान फाडून अर्ज बाहेर भिरकावला. अध्यक्षांनी तो उचलला, वाचला, आणि त्यावर तारीख नसल्याचं तिसऱ्या फेरीत निदर्शनास आणलं.

अकरा वर्षांत ड्रायव्हरला मोकळा रस्ता कधी मिळाला नव्हता. अंगाला अंग लावून उभ्या असलेल्या गाड्यांमधून, फुटपाथला घासत, पेशंटला धक्का न लावता पुढे कसं सरकायचं एवढंच तो शिकला होता. इथे समोर आठ मीटर रुंद स्वच्छ डांबर होतं आणि जो दिसे तो बाजूला होत होता. तिसऱ्या फेरीत त्याने वळणं अशी घेतली की आत टांगलेली सलाइनची बाटली हललीसुद्धा नाही. वेळ लिहिणाऱ्या माणसाने सवयीने स्टॉपवॉच दाबलं. दोन मिनिटं अकरा सेकंद. दिवसातली सर्वांत वेगवान फेरी. त्वचेच्या डॉक्टरांना रुग्णवाहिकेने आतल्या बाजूने मागे टाकलं होतं. त्यांनी नंतर, सायरन वाजवल्यामुळे समोरच्यावर मानसिक दबाव येतो, अशी लेखी तक्रार केली.

स्ट्रेचरवर चष्मेवाल्यांनी मास्क थोडा बाजूला केला. "छान चालवतो," ते म्हणाले.

"बोलू नका तुम्ही," बायको म्हणाली. तिने त्यांचा हात इतका घट्ट धरला होता की तिचीच बोटं बधिर झाली होती.

नेमका एक वाजला आणि जेवणाची सुट्टी झाली. सगळी इंजिनं बंद झाली. अध्यक्ष धावत गेटपर्यंत आले. त्यांच्या चेहऱ्यावर निखळ आनंद होता. "आता काहीच अडचण नाही. इंजिन सुरू नाही, म्हणजे अट चौदा लागू नाही. खुशाल न्या. फक्त दोनच्या आत गाडी परत आणा."

गेट उघडलं.

दवाखाना नऊ किलोमीटरवर होता. तेवढ्याच लांबीच्या ट्रॅकवरच्या तीन फेऱ्या सात मिनिटांत झाल्या होत्या. या नऊ किलोमीटरला त्रेपन्न मिनिटं लागली. रस्त्यात झाड पडलं नव्हतं, खड्डा नव्हता, मोर्चाही नव्हता. फक्त गाड्या होत्या. पुढची राखाडी गाडी सायरन ऐकून थोडी डावीकडे सरकली आणि रुग्णवाहिका पुढे येतेय म्हटल्यावर पुन्हा मधे आली, कारण तिच्याही पुढे कोणीतरी होतं. एकजण काच खाली करून म्हणाला, "आत कोणी आहे की उगाच वाजवताय?" ड्रायव्हरने गाडी आणखी वीतभर पुढे सरकवली. त्याच्या गाडीच्या पुढच्या काचेवरचा कॅमेरा सगळं टिपत होता.

चष्मेवाले वाचले. हृदयाच्या डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, "आणखी दहा मिनिटं लागली असती तर अवघड होतं." तिने मनात वजाबाकी केली आणि मग बाकावर बसून पहिल्यांदा रडली.

आठव्या दिवशी अध्यक्ष फुलं घेऊन घरी आले. फुलांसोबत एक पत्र होतं. आपण प्रवेशअर्जात "मी पूर्णपणे निरोगी आहे" असे लिहून दिले असताना सदर विधान कार्यक्रमाच्या दिवशीच खोटे ठरवले, याबाबत खुलासा करावा. रुग्णवाहिका सव्वातीनला परतल्यामुळे दुपारचं सत्र रद्द झालं होतं आणि ज्या सव्वीस जणांची पाळी हुकली, ते फार नाराज होते. ड्रायव्हरलाही, नऊ किलोमीटरला त्रेपन्न मिनिटं का लागली, याची कारणे दाखवा नोटीस गेली होती.

ड्रायव्हरने उत्तरात कारणं दाखवली. सायरन वाजत असताना बाजूला न झालेल्या चौतीस गाड्यांचे नंबर त्याने कॅमेऱ्यातून उतरवून, क्रमाने, एका कागदावर पाठवले. त्याचीच एक प्रत त्याने चष्मेवाल्यांना आणून दिली.

बायकोने यादी मोठ्याने वाचायला घेतली. चष्मेवाले डोळे मिटून ऐकत होते. गाड्यांची आवड असलेल्या माणसाला दुकानासमोर लागणारे नंबर पाठ असतात.

"पुरे," बाराव्या नंबरला ते म्हणाले. "यातले पाच माझे गिऱ्हाईक आहेत."

"दिसलं नसेल त्यांना," बायको म्हणाली. तिला त्यांची समजूत घालायची होती.

"मी स्वतः नंबर काढलेत त्यांचे. सगळ्यांना स्वच्छ दिसतं."

तिने कागदाची घडी घातली आणि त्यांना गोळ्या दिल्या. गोळ्या घेऊन ते भिंतीकडे तोंड करून झोपले. 

मंडळाने न्यायाला धरून चौतीसही जणांना पत्रं पाठवली. उत्तरं वेळेत आली. एकाने लिहिलं, आपण त्या दिवशी त्या रस्त्याला नव्हतोच. दुसऱ्याने लिहिलं, आपण नेहमीच रस्ता देतो, पुढचा माणूस देत नव्हता. काहींनी अशा लोकांवर कडक कारवाई व्हावी अशी मागणी करून मंडळाच्या उपक्रमाला शुभेच्छाही दिल्या होत्या. अशी तेहतीस उत्तरं फाइलला लागली आहेत.

चौतिसावं अजून आलेलं नाही. पत्र मिळाल्याची पोच आहे आणि तिच्यावरची सही, वाचक महाशय, आपली आहे. निवांत बसून गोष्टी वाचण्याइतका वेळ आपल्याला आहे, हे पाहून मंडळाने आपल्याला आणखी सात दिवसांची मुदत दिली आहे.