भाऊंची बॅग

"या वेळी मी जाणार नाही म्हणजे नाही," चष्मेवाला बायकोला म्हणाला.

बायको पलंगावर बसून बाळाची झबली घडी करत होती. तिने मान वर न करता विचारलं, "नक्की?"

"अगं, तुझे दिवस भरत आलेत. मी काय इतका हा आहे का?"

तो 'हा' म्हणजे नेमका कसा, हे तिने विचारलं नाही. तिला ठाऊक होतं. चौकात त्याचं चष्म्याचं दुकान होतं खरं, पण तिथे 'आज बंद आहे' ही पाटी इतक्यांदा लागायची की नवीन माणसाला ते दुकानाचं नावच वाटायचं. कुठे नदी फुगली, कुठे जमीन हादरली, की हा मदत-मंडळाबरोबर निघाला. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. घरात असला तरी हात देताच असायचा. कोणतीही वस्तू एकाच्या दोन झाल्या की एकीला पाय फुटायचे. बाळासाठी भेट आलेल्या दोन दुलयांपैकी एक तर बाळ यायच्या आधीच गेली होती.

मंडळात सगळे त्याला 'भाऊ' म्हणत आणि छावणीतल्या कोठाराची किल्ली वर्षानुवर्षं भाऊंकडेच असे. आपण नसलो तर त्या कोठारात हलकल्लोळ माजेल, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

तरीही त्याने शब्द दिला, आणि तो देताना तो खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. खोटं सुरू झालं ते आठवड्याने, मंडळाच्या कॅप्टनचा फोन आल्यावर. नदीकाठची गावं पाण्यात गेली होती.

"भाऊ, बाळाचं काय? या वेळी राहू द्या तुम्ही," कॅप्टन म्हणाला. "आम्ही बघतो."

'आम्ही बघतो' हे दोन शब्द चष्मेवाल्याला भलतेच झोंबले.

"तुम्ही काय बघणार? कोठार कोण सांभाळणार?"

"बघेल की कोणीतरी."

"कोणीतरी? अहो, कोठार म्हणजे गंमत वाटली काय! मी येतो. चार दिवस येतो आणि परत फिरतो."

फोन ठेवल्यावर त्याला बायकोला दिलेला शब्द आठवला. पण डॉक्टरीणबाईंनी अजून दोन आठवडे सांगितले होते, आणि मदतीला सासूबाई येऊन दाखल झाल्या होत्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या नुसत्या खाकरण्याने गल्लीतली पोरं रांगेत उभी राहत. अशी बाई घरात असताना आपलं चार दिवस काय अडणार? काचा आणायला बाहेरगावी जातो म्हणून सांगू, असं ठरवून त्याने गुपचूप बॅग भरली आणि पलंगाखाली अगदी भिंतीपर्यंत सरकवली.

आता मंडळाची एक रीत होती. माणसं बसने जायची, पण सामान आदल्या दिवशी टेम्पोने पुढे जायचं. ओळखायला सोपं म्हणून सगळ्यांना एकसारख्या नारिंगी बॅगा दिलेल्या. चष्मेवाल्याकडे अशा दोन बॅगा होत्या आणि एवढी एकच जोडी घरात शाबूत राहिली होती, कारण दुसरी बायकोने हॉस्पिटलसाठी हेरून ठेवली होती. झबली, टोपडी, दुपटी, तिचे कपडे, सगळं तिने त्या बॅगेत भरलं आणि बॅग दाराजवळ ठेवली. हाताशी असावी म्हणून.

टेम्पो संध्याकाळी येणार होता आणि तो आला की मागच्या जिन्याने आपली बॅग खाली सोडायची, असा चष्मेवाल्याचा बेत होता. टेम्पो दुपारीच आला. चष्मेवाला दुकानात एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होता. बायको आत पडली होती. दार सासूबाईंनी उघडलं.

"भाऊंची बॅग द्या," टेम्पोवाला म्हणाला. "नारिंगी."

दाराजवळ नारिंगी बॅग उभीच होती. सासूबाईंनी दिली. टेम्पो गेला.

तासाभरात चष्मेवाल्याच्या फोनवर सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "जावईबापू, असाल तसे या. कळा सुरू झाल्यात."

आजोबांची फ्रेम त्यांच्या एकाच कानावर सोडून तो धावला. टॅक्सी खाली उभी, बायको भिंतीला धरून उभी, सासूबाई तिला धरून उभ्या.

"बॅग!" बायको ओरडली. "बॅग घे!"

दाराजवळ बॅग नव्हती. त्याने स्वयंपाकघरात पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं, घाबरलेल्या माणसासारखं फडताळही उघडलं. खालून टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता. शेवटी त्याने पलंगाखाली हात घातला. हाताला नारिंगी पट्टा लागला. डोकं ठिकाणावर असतं तर त्याला आठवलं असतं की ही बॅग कोणाची. पण डोकं जिन्यावरून आधीच खाली गेलं होतं. त्याने बॅग ओढली आणि निघाला.

हॉस्पिटलात बायकोला आत घेतलं. थोड्या वेळाने सिस्टर दारात आली. "बाळाचे कपडे काढून ठेवा हो."

चष्मेवाल्याने बॅग पुढे केली. सिस्टरने चेन उघडली, आत हात घातला आणि एक गमबूट बाहेर काढला. मग दुसरा. मग दोरखंडाचं वेटोळं, शिट्टी, टॉर्च, ताडपत्री, पाणी शुद्ध करायच्या गोळ्यांचा डबा आणि कर्णा. एकेक वस्तू ती बाकावर मांडत गेली आणि दर वस्तूला चष्मेवाल्याचा चेहरा एक पायरी उतरत गेला.

"तुम्ही इथे नेमकं कशासाठी आलात?" सिस्टरने विचारलं.

दार अर्धवट उघडं होतं. आतल्या खाटेवरून बायकोने बाकावरची मांडामांड पाहिली. एक कळ येऊन गेली, तेवढा वेळ ती थांबली.

"म्हणजे तू निघाला होतास," ती म्हणाली.

"अगं, चारच दिवस..."

"मला न सांगता."

"सांगणारच होतो. म्हणजे, आल्यावर."

"आणि माझी बॅग कुठे आहे?"

सासूबाईंनी घसा साफ केला. "दाराजवळची होय? ती टेम्पोवाला घेऊन गेला. भाऊंची बॅग म्हणाला. मला वाटलं, जावईबापूंचं काही दानधर्माचं असेल. या घरातून रोज काही ना काही जातच असतं!"

चष्मेवाला घाईघाईने गमबूट परत बॅगेत कोंबायला लागला. बायको मात्र ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"तू रागावलीस का?"

"नाही. मला धक्का बसलाय," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "दार लावा हो सिस्टर."

मुलगी झाली. लालबुंद, मुठी आवळलेली, जगाशी भांडायला तयार. बॅगेत अंगाला लावण्याजोगं धुतलेलं कापड एकच निघालं, चष्मेवाल्याचा मंडळाचा टी-शर्ट. सिस्टरने पोरीला त्यातच गुंडाळलं. बाळाच्या पोटावर ठळक अक्षरं आली, 'मदतीला सदैव तयार'. ते वाचून बायकोच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

सगळं कबूल करून माफी मागावी, असं वाक्य तो बाहेर बाकावर बसून जुळवत होता, तेवढ्यात फोन वाजायला लागला. एक, दोन, दहा. आधीच छावणीत पोचलेल्या कॅप्टनने मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. छावणीत त्याच संध्याकाळी एका बाईला बाळ झालं होतं. अंगावर घालायला चिंधी नव्हती. आणि नेमकी तेव्हा भाऊंची बॅग उघडली गेली. फोटोत ते बाळ होतं, अंगात बायकोने निवडून आणलेलं पिवळं झबलं, डोक्याला टोपडं. खाली कॅप्टनने लिहिलं होतं, 'आमच्या भाऊंनी आपल्या होणाऱ्या बाळाचे सगळे कपडे पुरात सापडलेल्या बाळासाठी पाठवले. याला म्हणतात दान!'

चष्मेवाल्याने घाईघाईने कॅप्टनला फोन लावला. "अहो, ते चुकून आलंय!"

"तुमचा हा मोठेपणाच आम्हाला आवडतो," कॅप्टन भारावून म्हणाला. "केलेलं बोलून दाखवायचं नाही. धन्य आहात, भाऊ."

"धन्य कसला! ती हॉस्पिटलची बॅग होती हो!"

"तेच तर म्हणतोय मी!"

आता या माणसाला काय सांगणार? तोवर फोटो सिस्टरपर्यंत पोचला होता. ती डोळे पुसत आली आणि म्हणाली, "मघाशी मी काहीबाही बोलले, माफ करा." मग डॉक्टरीणबाई येऊन हात मिळवून गेल्या. बायकोच्या उशाशीही फोन होता. तिने फोटो पाहिला, मोठा करून पाहिला.

"बाळ छान आहे," ती म्हणाली. "कपडे त्याचेच. परत मागू नकोस."

"मी सगळ्यांना खरं सांगतो. आत्ता सांगतो."

"सांग. मी कुठे अडवलंय?"

त्याने खरंच सांगितलं. दिसेल त्याला सांगितलं. कोणी विश्वास ठेवला नाही. जितकं सांगावं तितका तो लोकांना थोर वाटायला लागला.

घरी आले तर दारापर्यंत जाताच येईना. 'ज्याने आपल्या लेकराचं दिलं, त्याच्या लेकराला आपण द्यायचं', असं गल्लीने परस्पर ठरवलं होतं. दारापुढे गोण्या रचल्या होत्या. गोण्यांत झबली, स्वेटर, पांघरुणं, एका गोणीत तर थोराड माणसाची विजार. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! बायको बाळ घेऊन जिन्यात उभी राहिली आणि चष्मेवाल्याने एकेक गोणी उचलून वाट केली.

"एवढं काय करायचं?" तो धापा टाकत म्हणाला.

"छावणीत न्यायचं," सासूबाई म्हणाल्या. "दुसरं काय?"

"आई, मी आता कुठेही जाणार नाही." या वेळी तो अगदी मनापासून बोलत होता. बायकोकडे बघत बोलत होता. बायकोने ऐकलं, पण 'नक्की?' एवढंही विचारलं नाही. तेच त्याला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी तो औषधं घेऊन आला, तर दारातल्या गोण्या गायब. घर शांत.

"आई कुठे आहेत?"

"गेली," बायको म्हणाली.

"बाजारात?"

"छावणीत. टेम्पो आला होता. गोण्या चढवल्या आणि पुढच्या सीटवर बसून गेली. कोठाराला माणूस हवा होता म्हणे."

चष्मेवाल्याने औषधं तशीच पलंगावर टाकली. "अगं, पण त्यांचं वय काय! तिथे पाणी आहे, चिखल आहे, साप निघतात! आणि तू जाऊ दिलंस?"

"जाणाऱ्या माणसाला कोण अडवतं?" तिने कूस बदलली. "पोरीचं अंग धुऊन झालंय. रडली तर घे."

ती रडली. त्याने घेतली. खांद्यावर टाकली, हातांवर घेतली, या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फेऱ्या मारल्या. बाहेर पावसाने धार धरली तसा तो दर फेरीला खिडकीतून वाकून बघायला लागला. सासूबाई पोचल्या असतील का? टेम्पो पुलावरून गेला असेल का? जेवल्या असतील का? फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना. आजवर इतक्या वेळा तो त्या रस्त्याने गेला होता, पण तो रस्ता इतका भीतीदायक आहे हे त्याला घरात उभं राहून पहिल्यांदाच कळलं.

एकदाचा कॅप्टनचा फोन लागला.

"पोचल्या, पोचल्या! एव्हाना कोठाराची रांगही लावली. आजवर असं कोठार..." कॅप्टन अडखळला. "म्हणजे, तुमच्या वेळी पण छानच होतं."

ते लागायला चष्मेवाल्याला सवड नव्हती. "हे बघा, त्यांना होडीत बसवू नका. ओल्यात झोपवू नका. त्या मागणार नाहीत, पण वेळेवर चहा द्या. आणि मी फोन केला होता, हे त्यांना बिलकूल सांगू नका."

पलीकडे कॅप्टन मोठ्याने हसला. "भाऊ, तुम्ही नवराबायको अगदी एका सुरात बोलता हो!"

"म्हणजे?"

"म्हणजे, तुम्ही निघालात की इकडे वहिनींचा फोन आलाच. म्हणायच्या, यांना पोहता येत नाही, होडीत बसवू नका. ओल्यात झोपवू नका. म्हणून तर तुम्हाला कोठारावर बसवायला लागलो आम्ही. नाहीतर कोठार काय, कोणीही बघतं."

चष्मेवाल्याने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"दर वेळी?" त्याने कसंबसं विचारलं.

"दर वेळी. रोज संध्याकाळी. आणि वर बजावायच्या, त्यांना मात्र कळू... अरेच्चा! सांगून बसलो की काय मी?"

चष्मेवाल्याने फोन ठेवला. पोर खांद्यावर झोपली होती. पलंगावर बायको डोळे उघडे ठेवून पडली होती.

"लागला?"

"लागला. आई ठीक आहेत. कोरड्यात झोपायची सोय आहे."

"बरं."

तो पलंगाच्या कडेला टेकला. बोलायचं खूप होतं, पण एकच वाक्य बाहेर आलं. "मी तिकडे असायचो, तेव्हा तू कशी झोपायचीस गं?"

तिचे डोळे भरून आले.

"मी कुठे झोपायचे!" ती म्हणाली.

मग ती सरकली, शेजारची जागा मोकळी केली आणि पोरीसाठी हात पुढे केले. "दे इकडे. तू पड आता जरा. उभा आहेस कधीचा."

"नको," चष्मेवाला म्हणाला. "तू झोप. आई परत येईपर्यंत मला काही झोप लागायची नाही."