झाकणावरचा ठिपका

"स्वयंपाकात काय असतं एवढं? रंगच तर मिसळायचे!" असं शेडमास्तरांनी छातीठोकपणे जाहीर केलं, तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला आणि सासूबाईंनी पित्ताची गोळी जेवणाआधीच घेऊन टाकली.

शेडमास्तर म्हणजे रंगाच्या दुकानात छटा मिसळणारा माणूस. गिऱ्हाईक नुसतं म्हणणार, "ते आपलं... भिजलेल्या मांजरासारखं काहीतरी," की यांनी बरोब्बर ते मांजर डब्यात उतरवलंच! पण अलीकडे पोट माणसाच्या आधी दारातून आत येऊ लागलं होतं. आहार सांगणाऱ्या बाईंनी बजावलं, "तळलेलं बंद. आणि ताटात भरपूर रंग दिसू द्या." बाई बिचाऱ्या भाज्यांबद्दल बोलत होत्या. समोर कोण बसलंय, याची त्यांना काय कल्पना!

बायकोचा बेत साधा होता : रोज उकडलेला भोपळा. मास्तरांना भोपळा नुसता दिसला तरी उचकी लागायची. म्हणून त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि सूप करायला घेतलं. बीट भडक झालं, म्हणून पालक घातला. लालाला हिरवा मारतो, हा धंद्यातला नियम! त्याने सगळं काळवंडलं, म्हणून गाजर. ते पातळ झालं, म्हणून ओट्स. वर चवीला लसूण. शेवटी पातेल्यात जे उरलं त्याचा रंग ओल्या गोणपाटाचा होता. चवीच्या बाबतीत गोणपाट उजवं ठरलं असतं.

"जावईबापू," सासूबाईंनी चमचा उभा सोडून पाहिला. तो उभाच राहिला. "हे गिळायचं की भिंतीला फासायचं?"

"नावीन्य पचायला वेळ लागतो, आई!"

"मग पैज लावा," बायको म्हणाली. "रविवारपर्यंत एका तरी जिवाने हे चाखून 'अजून' म्हणून मागितलं, तर स्वयंपाकघर तुमचं. नाहीतर वर्षभर भोपळा. तोही मुकाट्याने!"

"कबूल!"

शनिवारी मास्तरांना सूप दुकानात न्यायचं होतं. बिटाचे डाग पडतात म्हणून बायकोने जेवणाचे सगळे डबे कपाटात कोंडले होते. मग मास्तरांनी दुकानातून आणलेला एक रिकामा, कोरा करकरीत रंगाचा डबा घेतला, सूप ओतलं, झाकण ठोकून बसवलं. आणि इथे हाताने घात केला. प्रत्येक डब्याच्या झाकणावर आतल्या रंगाचा एक ठिपका लावायचा, म्हणजे रंगाऱ्याला उघडून बघावं लागत नाही, ही दुकानाची रीत. वर्षानुवर्षांची सवय! बोट सुपात बुडलं आणि झाकणावर ठिपका उमटला. दुकानात हा डबा ठेवला एका गिऱ्हाइकाच्या तयार रंगाशेजारी, आणि त्या झाकणावरही नेमका तसाच गोणपाटी ठिपका!

दुपारी मास्तर भुकेने कासावीस होऊन जेवायला बसले. डबा उघडला. आज सूप काय गुळगुळीत दिसत होतं! एक गुठळी नाही! 'हात बसला बरं का,' म्हणत त्यांनी चमचा भरून तोंडाशी नेला आणि वास आला. रंगाचा!

"शेठ, इथला दुसरा डबा कुठाय?"

"रंगारी घेऊन गेला. दातांच्या डॉक्टरीणबाईंची भिंत रंगवायचीय ना आज!"

मास्तर धावले. पोट पुढे, मास्तर मागे. दवाखान्यात पोहोचले तोवर बाहेरच्या खोलीची अख्खी भिंत गोणपाटी झाली होती.

"ब्रशला जड जातोय, मास्तर," रंगारी म्हणाला, "पण झाकतो झकास! एका हातात काम!"

बाकावरचे आजोबा गाल धरून हुंगत होते. "लसूण घालतात का हो हल्ली रंगात?"

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "मास्तर! काय सुंदर छटा! आणि काय तो खडबडीतपणा! आतल्या खोलीलाही हाच पाहिजे मला. अजून पाठवा!"

"काय म्हणालात?"

"अजून!"

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा! पण आतल्या खोलीला लागणार होत्या दोन बादल्या. तेवढं बीट सोलायचं कुणी? त्यांनी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

रंगाऱ्याने ब्रश चाटला. "मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"उद्या सकाळी येऊन भिंत घासून द्या!" बाई कडाडल्या. "स्वतः!"

घरी मास्तरांनी तरीही विजय घोषित केला.

"चाखून म्हणायचं ठरलं होतं," बायको म्हणाली. "बाईंनी चाटली का भिंत?"

"रंगाऱ्याने चाटला की ब्रश!"

"तो 'अजून' म्हणाला?"

मास्तरांनी पवित्रा बदलला. "बरं, जीव म्हणजे कुठलाही जीव ना? मुंगीसुद्धा? रविवार उजाडायचाय अजून!"

"मुंगी चालेल," बायको उदार झाली.

सकाळी मास्तर खरवडणी घेऊन, म्हणजे खरं तर पैजेचा निकाल बघायला, दवाखान्यात हजर झाले. आणि काय सांगू! खिडकीतून मुंग्यांची ही लांबलचक रांग भिंतीवर उतरत होती! पुढारी मुंगी सुपाच्या कडेशी आली. थांबली. मिशी लावून पाहिली. मागच्या मुंगीशी काहीतरी बोलली. मग अख्खी रांग वळली, दाराच्या चौकटीवरून भलामोठा वळसा घालून बाईंच्या चहाच्या कपाकडे गेली.

मास्तरांनी बायकोला फोन लावला. "ऐक... भोपळा उकडायला टाक."

"टाकायचा कशाला?" ती म्हणाली. "रात्रीच उकडून ठेवलाय."