अकरा किलोमीटरचा संशय

दोन वर्षांत गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा एकदाही लागलेला दिसला नाही, म्हणून अण्णा आधी खूश होते. मग त्यांना त्याचाच संशय येऊ लागला. तेरा वर्षांची गाडी. म्हातारपणी इतकी सुधारते कशी? "माझा हात फिरतो ना तिच्यावर," असं ते भेटेल त्याला सांगत. पण निवृत्त ग्रंथपालाला पुराव्याशिवाय चैन पडेना. शेवटी त्यांनी बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र मागवलं.

स्टिअरिंगखालच्या खाचेत यंत्र बसवलं. बिघाड शून्य! अण्णांची छाती फुगली. मग खालची ओळ दिसली: कोड पुसल्यापासूनचं अंतर, अकरा किलोमीटर.

"पुसले? कुणी पुसले?"

महिनाभर गाडी गॅरेजात गेलीच नव्हती. तरी अण्णा तडक मिस्त्रीसमोर जाऊन उभे राहिले.

"अकरा किलोमीटरांपूर्वी कुणीतरी कोड पुसलेत. खरं सांग, माझ्या गाडीशी कोण खेळतंय?"

मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. "मला यात ओढू नका, अण्णा. अकरा किलोमीटर कोण फिरलं ते घरीच बघा."

बायको सकाळी गाडी घेऊन बहिणीकडे जाऊन आली होती. साडेपाच किलोमीटर जायचे, साडेपाच यायचे.

घरी पोचताच त्यांनी यंत्र तिच्यासमोर टेबलावर ठेवलं. बायकोने पर्स उघडली आणि शेजारी तसंच दुसरं ठेवलं. वापरून वापरून त्याची बटणं गुळगुळीत झाली होती.

"अहो, दोन वर्षांपूर्वी दिवा लागला तेव्हा काय केलंत? चार वायरी काढल्यात, तीनच लावल्यात. शेजाऱ्यांनी ढकलत आणली गाडी. तेव्हापासून मीच कोड वाचते, लागलं तर मिस्त्रीकडून काम करून घेते आणि तुम्ही बघायच्या आत कोड पुसून दिवा घालवते."

"आणि आज काय निघालं?"

"पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल होतं. मीच लावणार म्हणून पंपावर कोण भांडलं होतं?"

अण्णा मटकन खुर्चीत बसले. अपमान झालाच होता, पण त्याहून वाईट शंका डोकं वर काढत होती.

"माझ्यामागे अजून काय काय बदललंयस घरात?"

"चहा टाकू का?" बायको घाईने उठली.

अण्णांनी भिंतीकडे पाहिलं. ते घड्याळ गेल्या वर्षी त्यांनी स्वतः खोलून दुरुस्त केलं होतं. तेव्हा उरलेले दोन स्क्रू आणि एक चाक अजून त्यांच्या खणात होतं. घड्याळ मात्र सेकंदाचीही चूक न करता चाललं होतं.