सोमवार-गुरुवार पाळणारा हॅकर

कुलदीप स्वतःची ओळख अशी करून द्यायचा: "दिवसा कंटेनर यार्डात सुपरवायझर, उरलेल्या वेळात सायबर गुप्तहेर, गुप्त लिपीचा गाढा अभ्यासक, आणि उरण तालुक्यातला एकमेव प्रोग्रामर ज्याच्या नजरेतून बग सुटत न्हाय." त्यातलं यार्डाचं तेवढं खरं होतं.

त्याची बायको विनिता हिला गुप्तहेराची मदतनीस व्हायची मुळीच हौस नव्हती. ते पद लग्नात आपोआप पदरी पडलं होतं. कुकरच्या शिट्ट्या मोजणारा प्रोग्राम त्याने केला, तेव्हा त्या प्रोग्रामाने रस्त्यावरच्या ट्रेलरचे हॉर्नही इमानेइतबारे मोजले आणि घराने आठवडाभर कच्चा भात खाल्ला. वायफायचा पासवर्ड रोज आपोआप बदलायचा: त्या दिवसाच्या भरतीची वेळ. "कोणाच्या बापाला ओळखता येणार न्हाय," तो म्हणाला होता. खाडीकाठच्या त्या गावात भरतीची वेळ शेंबड्या पोरालाही पाठ. अख्खी आळी त्याच्या नेटवर सुखाने नांदत होती.

हेही विनिताने सोसलं असतं. पण हल्ली नेट सकाळी जायचं ते दुपार कलल्यावर परत यायचं. बेलापूरच्या ऑफिसला जाण्या-येण्यात तिचा जीव अर्धा झाला होता आणि घरून करायची एक नोकरी तिला मनापासून हवी होती. बुधवारी ऑनलाइन मुलाखत सुरू झाली आणि "नमस्कार" म्हणताच तुटली. कंपनीने शुक्रवारी अकराला पुन्हा बोलावलं, शेवटचं म्हणून. विनिताने देवापुढे दिवा लावला. कुलदीपचा चेहरा मात्र उजळला.

"केस," तो म्हणाला.

पहिला संशय बंदरात उभ्या असलेल्या परदेशी जहाजावर. पण ते जहाज मंगळवारीच निघून गेलं होतं, तरी बुधवारी नेट गेलंच. दुसरा संशय आळीवर. "आळी सोमवारी पण नेट वापरते," विनिता म्हणाली, "आणि सोमवारी तर ते मस्त चालतं."

कुलदीप थांबला. त्याने मागचे दिवस आठवले. सोमवारी नेट चालू, गुरुवारी चालू, मागच्या संकष्टीला चालू.

"विनिता," तो हळू आवाजात म्हणाला, "हॅकर उपास करतो."

आता संशयित सापडायला कितीसा वेळ लागणार? शेजारचे हिरामणकाका कुंपणाशी शेवग्याच्या शेंगा काढत होते.

"काका, सोमवारी काय करता?"

"उपास."

"गुरुवारी?"

"उपास."

"आनि शुक्रवारी?"

"जेवतो."

कुलदीपने विनिताकडे वळून मान हलवली. "कबूल केला त्यानं."

"काय कबूल केलं?"

"सगला."

शुक्रवारी रजा टाकून कुलदीप गच्चीवर पाण्याच्या टाकीआड दुर्बीण घेऊन बसला, हिरामणकाकांच्या दारावर नजर लावून. खाली विनिताने साडी नीट केली आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावरच्या बाई गोड हसून म्हणाल्या, "तुमच्या अनुभवाबद्दल जरा..." आणि तोंड उघडं ठेवून तशाच गोठल्या.

विनिताला रडू फुटणार होतं, पण त्याआधी राग आला. ती धावत गच्चीवर गेली.

तिथे तिची सासू आवडाबाई दोरीवर ओले बोंबील अडकवत होती. दोरीचं एक टोक टाकीला आणि दुसरं टॉवरवरून नेट पकडणारी थाळी बसवलेल्या बारीक पाइपाला. बोंबलांच्या ओझ्याने पाइप वाकला होता आणि थाळी टॉवर सोडून हिरामणकाकांच्या शेवग्याकडे बघत होती. दोरीखालीच गुप्तहेर बसला होता. बोंबलाचं पाणी त्याच्या मानेवर ठिबकत होतं आणि तो एका हाताने ते पुसत दुर्बीण सांभाळत होता.

"आई, दोरी इथे कशाला बांधली?"

"मंग कुठं बांधू?" आवडाबाई म्हणाली. "माझी सुकवायची काठी यानंच उपटली ना, हा पाइप उभा कराला. दुपारी मांजरा यायच्या आधी काढतंय ना मी."

"आणि सोमवारी, गुरुवारी?"

"सोमवार, गुरुवार, चतुर्थी, मी मासलीला हात तरी लावतंय काय?"

कुलदीपने दुर्बीण खाली घेतली. काहीतरी तांत्रिक बोलायला त्याने तोंड उघडलं, पण विनिताने पाइपाची गाठ सोडून दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं. "वर धरायची. हलायचं नाही." पाइप सरळ झाला.

खाली पडद्यावरच्या बाईंचं तोंड मिटलं. मुलाखत चांगली रंगली. वरून कावळ्यांचा आणि मधूनमधून कुलदीपचा आवाज येत होता.

"नेटचा त्रास पुन्हा होणार नाही ना?" बाईंनी शेवटी विचारलं.

"नाही मॅडम," विनिता म्हणाली. "त्यावर एक माणूसच उभा केलाय."

संध्याकाळी नोकरी मिळाल्याचा फोन आला. विनिता इतकी हरखली की तिने कुलदीपच्या दुखऱ्या दंडांना स्वतः तेल चोळलं. त्यामुळे त्याला पुन्हा कंठ फुटला.

"केस बंद," तो म्हणाला. "आरोपी मी दोन्ही हातांनी धरून ठेवले. एक पन निसटला न्हाय."

"एक निसटला," आवडाबाई चुलीपुढून म्हणाली. "कावल्यानं नेला. आनि उद्या सकाली माझी काठी होती तिथं उभी कर."

गुप्तहेराने लगेच काठीचा तपास सुरू केला.