गिरिधररावांची विलायची

गिरिधररावांनी दसऱ्याला सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडला, हे त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त खर्ऱ्याला माहीत नव्हतं.

त्यांची लेक वैदेही नववीत. दसऱ्याला सोनं द्यायला वाकली, ती वर उठताना म्हणाली, "बाबा, मले काही नको. तुमी खर्रा सोडा." बाप विरघळला. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून "सोडला" म्हणाला, आणि खरोखरच सोडला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. कोराडीच्या वीज केंद्रातल्या ऑफिसात कोरड्या तोंडाने बसून राहणं काय असतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. तेव्हापासून त्यांच्या खिशात स्टीलची डबी आली. वर विलायची, खाली प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेला खर्रा. तोंड हलताना कोणी पाहिलंच तर "विलायची हाय" म्हणायचं. बायको शामला मोठ्या कौतुकाने दर महिन्याच्या किराण्यात विलायची मागवायची.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण लेकीने ही गोष्ट अभिमानाने शाळेत सांगितली. शाळेत पालकांची सभा ठरलेली होती. विषय होता, जाहिराती, व्यसनं आणि मुलांशी बोलायचं कसं. सभा घेणाऱ्या कामिनी मॅडमना उदाहरण हवंच होतं. त्यांनी गिरिधररावांना भाषणाचं आमंत्रण धाडलं.

"काय बोलू वं मी तिथं?" गिरिधररावांनी शामलाला विचारलं.

"खरं काय ते बोला. तुमाले कोणतं खोटं बोलाचं हाय?"

रविवारी सभागृह भरलं. आधी पाहुण्यांचं भाषण होतं, आणि पाहुणे म्हटले की तासाभराची निश्चिंती.  गिरिधरराव हळूच बाहेर सटकले आणि कोपऱ्यावरच्या रुपरावच्या पानठेल्यावर गेले.

"खर्रा घोट गा रुपराव. भाषण हाय."

"कायच्यावर?"

"व्यसनावर."

रुपरावचा घोटणारा हात काही थांबला नाही. "मंग तंबाखू जराशी जास्त टाकतो," तो म्हणाला. "धीर येते."

अर्धा खर्रा गालात आणि अर्धा डबीत ठेवून गिरिधरराव मागच्या रांगेत टेकले, तोच कामिनी मॅडमचा आवाज आला. "पाहुणे वाडीच्या नाक्यावर ट्रकांच्या गर्दीत अडकले आहेत. म्हणून सुरुवात आपण गिरिधररावांपासूनच करू या."

लोकांनी टाळ्या वाजवत त्यांना पुढे ढकललं. तोंडात खर्रा असलेल्या माणसापुढे दोनच रस्ते असतात. एक तर थुंकायचं, नाहीतर हनुवटी आभाळाकडे करून बोलायचं. स्टेजवर डावीकडे सरस्वतीचा फोटो, उजवीकडे मुख्याध्यापक. थुंकायला जागा नव्हती. गिरिधररावांनी हनुवटी वर केली आणि माईकमध्ये म्हणाले, "ऊं."

त्यापुढे काही निघेना. जास्तीच्या तंबाखूने डोळ्यांत मात्र पाणी आलं.

"गहिवरले," कामिनी मॅडम हळव्या होऊन म्हणाल्या. "पालकहो, सच्च्या माणसाला शब्द फुटत नाहीत." टाळ्यांचा कडकडाट झाला. शामलाने पदराने डोळे टिपले. मागच्या रांगांतले कितीतरी बापही हनुवट्या वर करून "ऊं" म्हणाले.

"ते सावरेपर्यंत वैदेही एक जाहिरात समजावून सांगेल," मॅडमनी जाहीर केलं.

पडद्यावर सुटाबुटातला एक हिरो हेलिकॉप्टरमधून उडी मारतो, चमचमती पुडी फाडतो आणि विलायची खातो. खाली उभा गाव त्याच्याकडे पाहून पागल होतो. वैदेहीने चित्र थांबवलं.

"घरी अशी जाहिरात लागली की टीव्ही बंद करू नका, रागावू पण नका," ती म्हणाली. "आमच्या बाजूला बसा, अन् आमालेच विचारा, हे दाखवून काय राहिले, अन् विकून काय राहिले? एका विलायचीसाठी कोणी हेलिकॉप्टर आणते का? नाव विलायचीचं, अन् खपते गुटखा. आमाले समजते. फक्त कोणी विचारत नाही." मग बापाकडे पाहून ती इतकं गोड हसली, की कोणाही बापाचं काळीज सुपाएवढं झालं असतं. "माझे बाबा खरी विलायची खातात."

ते ऐकलं आणि गिरिधररावांनी खर्रा गिळला.

आधी उचकी लागली. मग घाम फुटला, चेहरा हळदीसारखा पिवळा पडला, आणि कोणीतरी खुर्ची खाली सरकवली म्हणून बरं. खालून शामला ओरडली, "वैदू, डबीतली विलायची दे त्यायले, उचकी थांबते."

गिरिधररावांनी खिशावर हात ठेवायच्या आत पोरीने डबी काढली आणि उघडली. विलायच्या एका बाजूला सरकल्या आणि खालची पन्नी वर आली. सगळं सभागृह तिच्याकडे पाहत होतं. वैदेहीने झाकण लावलं, डबी आपल्या मुठीत धरली आणि माईकमध्ये म्हणाली, "संपली वाटते."

कोणीतरी पाणी आणलं. गिरिधररावांना शाल आणि नारळ मिळाला.

घरी जाताना शामला पुढे, भेटेल त्याला शाल दाखवत. बापलेक मागे. "बोल ना वं काही," गिरिधरराव दोनदा म्हणाले. वैदेही डबी मुठीत धरून चालत राहिली. घरी येताच खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा तिचा गाल फुगलेला होता आणि हनुवटी वर होती.

"तोंडात काय हाय?" गिरिधररावांनी विचारलं. डबी तर तिच्याचकडे होती.

"ऊं."

"थुंक. थुंक पहिले."

"विलायची हाय."

"खोटं नको बोलू, वैदू. पाया पडतो तुह्या." त्यांनी तिच्या हनुवटीखाली ओंजळ धरली.  वैदेहीने तोंड उघडलं. हातावर एक ओली, हिरवी, अख्खी विलायची पडली. गिरिधररावांनी ती हुंगली. तेवढ्याने पटेना, म्हणून नखाने सोलून आतले दाणेही पाहिले.

"विलायचीच हाय," ते पुटपुटले.

"मी तेच सांगून राहिली होती," वैदेही म्हणाली. "तुमाले पटलं नाही ना? मलेही आता पटणार नाही."

गिरिधररावांना फार लाज वाटली. खांद्यावरची शाल त्यांनी काढून ठेवली. मग लेकीसमोर खाली बसले आणि कोणी न सांगता आपलं तोंड मोठं उघडलं. वैदेहीने मोबाईलचा टॉर्च लावून दोन्ही गाल नीट तपासले.

"आज रिकामं हाय."

"आज गिळला ना," ते म्हणाले, आणि उचकी लागली.

तिला हसायचं नव्हतं, तरी ओठ हललेच. "उद्या पण पाहीन. रोज पाहीन."

"पाहा."

आणखी एक उचकी आली. स्वयंपाकघरातून शामलाचा आवाज आला, "अजून थांबली नाही का उचकी? वैदू, एक विलायची दे बाबाले."

"नको," दोघंही एकदमच म्हणाले.