सासरेबुवांचा शाफ्ट

“हा शाफ्ट तुमच्या पणतूच्या लग्नापर्यंत तुटणार नाही, बाबा! माझा शब्द आहे!”

बेकरीच्या मधोमध, दोन्ही हात कमरेवर ठेवून, छाती पुढे काढून शाफ्टसाहेबांनी ही घोषणा केली. समोर त्यांचे सासरेबुवा तुटलेल्या जुन्या शाफ्टचे दोन तुकडे दोन हातांत धरून उभे होते. त्यांनी एकदा तुकड्यांकडे पाहिलं, एकदा जावयाकडे पाहिलं, आणि दोन्हींबद्दल आपलं मत सारखंच आहे असा चेहरा केला.

‘शाफ्टसाहेब’ हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते ऑफिसातल्या टवाळांनी ठेवलेलं. मोटरची ताकद मशीनपर्यंत पोचवणारा तो फिरता लोखंडी दांडा किती जाड हवा, त्याला कुठे खाच द्यायची, कुठे पायरी द्यायची, हे ठरवण्यात साहेबांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यांचा एकही शाफ्ट आजवर तुटला नव्हता. आता, गरज असेल त्याच्या दुप्पट जाडीचा शाफ्ट केला तर तो कशाला तुटेल, असं काही मंडळी म्हणत. पण जळणाऱ्यांचं तोंड कोण धरणार!

सासऱ्यांच्या बेकरीतल्या पीठ मळायच्या मशीनचा शाफ्ट मात्र वरचेवर तुटायचा. भलंमोठं लोखंडी भांडं, त्यातून आरपार गेलेला शाफ्ट आणि त्यावर बसवलेली पाती, एवढंच ते मशीन. शाफ्ट तुटला की सासरेबुवा मशीनला चार शिव्या घालत, कुठून तरी दुसरा आणून बसवत आणि पुन्हा कामाला लागत. इतक्या वर्षांत त्यांनी जावयाला एका शब्दाने विचारलं नव्हतं. ते साहेबांच्या मनाला फार लागलं होतं. म्हणून या वेळी न बोलावताच ते बायकोला घेऊन येऊन थडकले होते.

“तुमचा शब्द राहू द्या,” सासरेबुवा म्हणाले. “माझा ऐका. या वेळी तुटला की बेकरीला कुलूप! फार झालं हे. मग मी आपला लेकीकडे येऊन राहतो.”

शाफ्टसाहेबांच्या छातीतली निम्मी हवा तिथल्या तिथे गेली.

सासरेबुवा वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगितलेलं बरं. पण मागे ते राहायला आले होते, तेव्हाची गोष्ट साहेब विसरले नव्हते. बेकरीवाला माणूस! पहाटे तीनला उठून घरभर दिवे लावायचे आणि जावयाच्या उशाशी येऊन काळजीने विचारायचे, “जावईबापू, बरं नाही का? अजून झोपलाय!” दुकानातून आणलेला ब्रेड अंगठ्याने दाबून त्यावर मर्तिकाला आल्यासारखे दोन शब्द बोलायचे. साहेबांचं ड्रॉइंगचं टेबल छान सपाट आहे म्हणून त्यांनी त्यावर बिस्किटं लाटली होती. त्या आठवड्यात एका पंपाच्या शाफ्टचं ड्रॉइंग ऑफिसात गेलं, तेव्हा त्याला लोण्याचा वास येत होता. वरिष्ठांनी ते दोनदा हुंगलं.

आणि घर म्हणजे दोन खोल्या!

“अहो, बाबा आले तर काय आभाळ कोसळणार आहे का?” घरी पोचताच बायकोने विचारलं.

“छे छे! मला तर आनंदच आहे,” साहेब म्हणाले, आणि चप्पलसुद्धा न काढता सरळ टेबलाकडे गेले.

शाफ्ट किती जाड हवा हे ठरवायला त्यावर किती जोर येणार ते कळावं लागतं. म्हणजे एका वेळी पीठ किती घालतात, ते. स्वतः विचारलं तर म्हातारा उलट दहा प्रश्न विचारील, म्हणून ते काम साहेबांनी बायकोवर सोपवलं.

“विचारलंस?”

“विचारलं. दोन पोती.”

आता खरी गोष्ट अशी की सासरेबुवा एका वेळी एकच पोतं घालत. पण इंजिनिअर लोक फार मोजूनमापून, हात आखडून काम करतात अशी त्यांची ठाम समजूत. म्हणून त्यांनी लेकीला सांगितलं दीड. लेक बापाला ओळखून होती. आपण मशीनचे किती हाल करतो हे बाबा कधी पुरतं कबूल करत नाहीत, असं म्हणून तिने नवऱ्याला सांगितलं दोन. आणि नवरा मनाशी म्हणाला, ‘गिऱ्हाईक दोन म्हणतंय म्हणजे घालत असणार तीन!’ त्यांनी कागदावर तीन मांडले. मग नेहमीच्या सवयीने त्याचे दुप्पट केले.

जुना शाफ्ट कुठे तुटला होता तेही त्यांनी बारकाईने पाहिलं होतं. जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो, तिथे कोपरा अगदी काटकोनात कापलेला होता. सगळा ताण अशाच कोपऱ्यात येऊन साठतो. साहेबांनी तिथे सुरेख गोलाई दिली. खरं म्हणजे एवढं एक केलं असतं तरी काम फत्ते होतं! जुन्याच मापाचा शाफ्ट सुखाने वर्षानुवर्षं फिरला असता. हे साहेबांनाही कळत होतं. पेन्सिल त्यांनी खाली ठेवलीसुद्धा. तेवढ्यात डोळ्यांसमोर पहाटे तीनचे दिवे लागले, आणि त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलून जाडी आणखी वाढवली.

ड्रॉइंग लोखंड कातणाऱ्या लेथवाल्याकडे गेलं. त्याचा लगेच फोन.

“साहेब, हा कशाचा शाफ्ट? जहाजाचा?”

“पीठ मळायच्या मशीनचा.”

पलीकडून ड्रॉइंगचा कागद उलटसुलट केल्याचा आवाज आला.

“पंगत किती लोकांची आहे?”

“तुम्हाला काय करायचंय? सासऱ्यांचं काम आहे!”

“असं होय! मग आधी नाही का सांगायचं!” लेथवाल्याचा स्वरच बदलला. त्यालाही सासरे होते. “काही काळजी करू नका. खडी फोडायच्या मशीनसाठी आणलेलं पोलाद पडलंय, त्यातूनच काढतो. आणि तुमच्या मापापेक्षा थोडा जाडच ठेवतो. उगाच नंतर बोल नको.”

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर साहेबांनी त्याला मापावरून तासभर ऐकवलं असतं. आज ते गहिवरून “बरं” म्हणाले.

शाफ्ट बेकरीच्या दारात उतरला तेव्हा शेजारचा शिंपी काम टाकून बघायला आला. जुना शाफ्ट मनगटाएवढा होता. नवा, मांडीएवढा! चौघांनी मिळून तो आत आणला.

“अहो, पण हा त्या भोकातून जाणार कसा?” बायकोने रास्त शंका काढली. “थोडा बारीक करून आणा ना.”

“शाफ्ट बारीक? शाफ्टला कुणी हात लावायचा नाही! भोक मोठं करा!”

भोक मोठं झालं. मग शाफ्टची टोकं धरणारी जुनी बेअरिंगं बसेनात, ती मोठी आणली. मोटरचा पट्टा ज्या चाकावरून फिरतो ती जुनी पुली मोठ्या शाफ्टवर बसेना, तीही मोठी आणली. मोठ्या पुलीला रुंद पट्टा आला. मोटर तेवढी जुनी राहिली होती. ती हा शाफ्ट फिरवू शकली असती, पण साहेबांना ते बघवेना. हत्तीला बोकडाने ओढल्यासारखं दिसतं, असं म्हणून त्यांनी कारखान्यातल्या ओळखीने दणदणीत मोटर मिळवली.

अशा रीतीने मशीनमधली एकूण एक गोष्ट भक्कम झाली. राहिले फक्त चार बोल्ट. मशीन ज्यांनी जमिनीला धरून ठेवलं होतं, ते. ते सासरेबुवांच्या वडिलांनी ठोकले होते आणि त्यांच्यावर तेव्हापासूनचं पीठ साचलं होतं. तिथे काही बोल्ट आहेत हेच कुणाला दिसलं नाही. आणि शाफ्टवाल्या माणसाची नजर शाफ्टवरून खाली कशाला जाईल?

चाचणीला निम्मी गल्ली जमली. शिंपी होता, न्हावी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट होता. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

सासरेबुवांनी एक पोतं पीठ ओतलं, पाणी घातलं आणि बटण दाबलं. शाफ्ट असा काही फिरला, की भांड्यात पीठ आहे हे त्याच्या गावीही नव्हतं!

“वा!” शिंपी म्हणाला.

सासरेबुवांनी भुवया उंचावल्या. जावयाने केलेल्या एकाही गोष्टीसाठी त्या भुवया आजवर हलल्या नव्हत्या. साहेबांना गुदगुल्या झाल्या.

“आणखी एक घालू?”

“घाला ना, बाबा! विचारता काय!”

दुसरं पोतं गेलं. मोटर जरा खाकरली. शाफ्ट ढिम्म, मजेत फिरतोय!

“तिसरं?”

आता भांडं काठोकाठ भरलं होतं. बायकोने नवऱ्याचा शर्ट मागून ओढला. “अहो, पुरे! एवढे ब्रेड कोण खाणार आहे?” पण न्हाव्याने टाळी वाजवली, आणि टाळी ऐकल्यावर माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

“तीनचाच हिशेब धरलाय! होऊ दे खर्च!” साहेब गरजले.

तिसऱ्या पोत्याला पाणी कमी पडलं. पीठ घट्ट झालं, मग दगडासारखं झालं, आणि त्याने पात्यांना मिठी मारली. शाफ्ट थांबला. पट्टा पुलीवर घसरू लागला, किंचाळू लागला, त्यातून धूर निघाला.

“बंद करा!” बायको ओरडली.

“काही होत नाही! पट्टा सैल आहे फक्त!” असं म्हणून शाफ्टसाहेबांनी स्वतःच्या हाताने, पाना घेऊन, मोटर मागे सरकवली आणि पट्टा ताणून घट्ट केला.

जुना शाफ्ट असता तर तो इथे कट् करून तुटला असता आणि विषय संपला असता. बिचारा इतकी वर्षं तेच करत होता. स्वतः तुटून बाकी सगळ्यांना वाचवत होता! हे साहेबांच्या लख्ख ध्यानात आलं. फक्त ते ध्यानात यायला आणि पट्ट्याने पुली घट्ट पकडायला एकच गाठ पडली.

मोटर फिरणार म्हणजे फिरणार! शाफ्ट तुटणार नाही म्हणजे नाही! पीठ सोडणार नाही म्हणजे नाही! मग कुणीतरी माघार घ्यायला हवी होती. ती चार बोल्टांनी घेतली.

टण्! टण्! टण्! टण्!

शाफ्ट फिरला, आणि पिठाने धरलेलं अख्खं मशीन त्याच्याबरोबर फिरलं! भांडं उलटं झालं, पाय वर आले, आणि अख्खं धूड कुशीवर पडून घरंगळत निघालं. शिंपी टेबलावर चढला. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक रस्त्यापर्यंत पळालं. मशीनने वाटेतलं काचेचं कपाट घेतलं, ब्रेडची मांडणी घेतली, भट्टीचं तोंड फोडलं, आणि वायर भिंतीतून उपटून निघाली तेव्हा कुठे थांबलं. तीन पोत्यांचं पीठ एकसंध उडालं होतं. त्यातलं बरंचसं छताला चिकटलं आणि उरलेलं, सावकाश, शाफ्टसाहेबांच्या डोक्यावर आलं.

सुदैवाने कुणाला खरचटलंही नाही. पण बेकरी म्हणावी असं तिथे काही उरलं नव्हतं.

साहेब पिठातून डोळे तेवढे बाहेर काढून सासऱ्यांकडे बघत राहिले. आता म्हातारा काय बोलेल, याचीच त्यांना धास्ती होती. सासरेबुवा ढिगाऱ्यातून वाट काढत मशीनपाशी गेले. खाली बसले. खांद्यावरच्या टॉवेलने त्यांनी शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला. त्यावरून हात फिरवला. मग उठून त्यांनी गल्लीला हाक मारली.

“इकडे या सगळे! बघा! भट्टी फुटली, कपाट फुटलं, मशीनचा चुरा झाला. पण शाफ्टवर एक ओरखडा आहे का? दाखवा मला! माझ्या जावयाने केलाय!”

इतकी वर्षं ज्या एका वाक्याची साहेबांनी वाट पाहिली, ते वाक्य आलं होतं! त्यांनी वाकून नमस्कार केला, तेव्हा अंगावरचं थोडं पीठ सासऱ्यांच्या पायांवर पडलं. सासऱ्यांनी ते मनावर घेतलं नाही.

“पोरी, माझी बॅग भर,” ते लेकीला म्हणाले. “मी येतो तुमच्याकडे. कायमचा.”

“पण बाबा!” साहेब पिठातून कळवळून बोलले. “शाफ्ट तुटला तर येणार होतात ना? तुटला कुठे?”

“अहो, ते रागात बोललो होतो मी,” सासरेबुवांनी प्रेमाने जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. “तुटला असता तर तुमच्या दारात पाऊल टाकलं नसतं! ज्याला एक शाफ्ट धड करता येत नाही, त्याच्या भरवशावर काय म्हातारपण काढायचं?”

बायको बॅग भरायला बेकरीमागच्या घरात गेलीसुद्धा. शाफ्टसाहेब तोंडावरचं पीठ पुसत “या ना, बाबा, घर तुमचंच आहे,” असं म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते बिचारे!